चव्वेचाळीस नंबरची तार

खैरनार साउंड सर्व्हिसचा धाकटा
स्कूटरच्या डिकीतून फडक्यात बांधून घेऊन आला तो:
पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या डबीएवढा, पत्र्यात बंद,
वर पांढऱ्या रंगात अर्धवट पुसलेलं १९६८.
"माइकचा ट्रान्सफॉर्मर. गंगेवर, सिंहस्थात,
ह्याच्यातूनच आजोबा हरवलेल्यांची नावं पुकारायचे.
अकरा दिवस. शेवटी घसा गेला, मशीन नाही."

मी मीटर लावलं.
एका बाजूला वाजलं.
दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

"तुम्ही सातपूरला होता ना?"
म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं त्याला
की कुमुद गांगुर्डे एकोणीस वर्षं रिलेच्या कॉइली गुंडाळायची
आणि अजून तिच्या खिडकीपाशी दुसरं काही नसतं.

उघडायची घाई चालत नाही.
बिस्किटाच्या डब्यात शंभरचा बल्ब, शेजारी हा, रात्रभर.
सकाळी घरभर वास: राळ, मेण, थोडं डांबर.
मग पत्र्या. एक ई, एक आय, एक ई, एक आय,
नखानं सोडवायच्या, सुरीनं नाही.
एकही फरशीवर पडू द्यायची नाही;
ह्या जातीची पत्री आपटली की मनातून उतरते,
दिसायला तीच, कामाला नाही.

तांबट आळीत माझं आजोळ.
मामा हंडे ठोकून ठोकून बहिरे झाले.
माझं तांबं केसाइतकं बारीक, त्याला आवाज नाही,
डोळे लागतात फक्त.
चष्म्याचा नंबर ह्या वर्षी पुन्हा वाढला.

मोजणीला जुन्या टेपरेकॉर्डरचा काउंटर आहे, तीन आकडी.
नऊशे नव्व्याण्णव झाले की बिचारा परत जन्माला येतो.
म्हणून दर हजाराला झाकणात एक बेदाणा.

तार उलटी सुटत गेली. मधे कागदाचे थर,
कोऱ्या चहाच्या रंगाचे, हात लावला की मोडणारे.
तीन बेदाणे आणि वर एकशे चाळीस,
तिथं कागदावर पेन्सिल:
"१७६० – जेवण."

बस्. नाव नाही, तारीख नाही.
सातला शेपूट जरा लांब.
इथं कोणीतरी थांबलं, हात धुतले, डबा उघडला.
काय होतं डब्यात कोण जाणे.
परत आल्यावर त्यानं, की तिनं, ओढ सैल धरली;
इथून वरची तार आतल्याइतकी घट्ट नाही.
पोट भरलं होतं.

तुटलेलं टोक वर असू दे, असं देवाला म्हटलं होतं.
ते अगदी तळाशी निघालं,
जाड तारेला डाग दिला होता तिथं.
डागाची पेस्ट पुसायची राहिली होती,
आणि पन्नास वर्षं ती तांबं खात बसली होती.
मोहरीएवढा हिरवा ठिपका.

नवी तार, चव्वेचाळीस नंबर, चार हजार नऊशे वेढे.
दुसऱ्या दुपारी शेजारची ओवी आली,
झाकणात बघितलं, विचारलं नाही, खाल्ला.
एक की दोन? "आठवत नाही, आजी."
काउंटर म्हणे चारशे बारा. कशावर चारशे बारा?
ओहम मोजले, वहीत भागाकार केला, उत्तर मिळालं.
कागदावर लिहिलं, "३४१२ – बेदाणा",
तो जुना तुकडाही तिथंच खाली सारला
आणि वरून गुंडाळत राहिले.

न्यायला आला तेव्हा म्हणाला, जुनी तार द्याल?
आजोबांचा आवाज गेलाय तिच्यातून.
गेलाय, म्हटलं. राहिलेला नाही.
तरी त्यानं तो गुंता रुमालात घेतला,
फणीतून काढलेल्या केसांसारखा.

मग माइक जोडला. हॅलो, हॅलो झालं.
कोणाचं तरी नाव पुकारावं असं त्याला वाटलं,
आणि ऐन वेळी एकही सुचेना.
"कुमुद गांगुर्डे, कुमुद गांगुर्डे,
जिथं असाल तिथून खैरनारांच्या मंडपाशी यावं."

ओवी ओरडली,
"इथंच आहे!"